स्थानिक स्वराज्य आणि मतदाराचे शिक्षण

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यापूर्वी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान उरकले होते. ‘अखेर’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पुणे, नाशिक व नागपूर या शहरांची मुदतही त्याच महिन्यात संपली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर येथील मुदत तर २०२० मध्येच संपून गेली होती. या सर्व काळात कोट्यवधी नागरिकांच्या पाण्याचा, कचऱ्याचा, दवाखान्यांचा, शाळांचा आणि घरपट्टीचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या सहीने चालला. मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढी रक्कम कोठे व कशासाठी खर्च व्हावी, हे ठरविताना सभागृहात एकही निवडून आलेला सभासद नव्हता.

हा विलंब आकाशातून पडला नाही. आरंभी कोविडच्या साथीचे कारण होते. त्यानंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन तंटा आला. त्यातच प्रभागांची संख्या व रचना ठरविण्याच्या खेळाची भर पडली. एका सरकारने मुंबईतील प्रभाग २२७ वरून २३६ केले. दुसरे सरकार आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ झाले. प्रत्येक फेरबदलाबरोबर निवडणूक पुढे गेली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि ती मुदतही पाळली न गेल्यामुळे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घालून द्यावी लागली.

राज्यघटना याबाबत संदिग्ध नाही. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरविली, ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले, आणि संस्था बरखास्त झाली तरी सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घेण्यास सांगितले. २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन राज्य निवडणूक आयोगांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. तरीही चेन्नईच्या नागरिकांना २०११ नंतर थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले नगरसेवक निवडता आले. बंगळूर महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पुढील पाच वर्षांत निवडणूक झाली नाही, उलट ती महानगरपालिकाच मोडून २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. राज्ये वेगळी, सत्तारूढ पक्ष वेगळे; नगरसेवकाविना शहर चालविण्याची ओढ मात्र एकच. लोकसभेची वा विधानसभेची निवडणूक तीन-चार वर्षे लांबविण्याचे धाडस कोणतेही सरकार करणार नाही. स्थानिक निवडणूक लांबविता येते, कारण ती लांबली तर रस्त्यावर कोणी उतरणार नाही, याची राज्यकर्त्यांना खात्री असते.

ही खात्री खोटी पाडणे हे पक्षाचे काम आहे, आणि त्या कामाचा आरंभ मतदाराच्या शिक्षणापासून होतो.

निवडणूक जवळची, माहिती दूरची

लोकसभेसाठी आपण एक मत देतो, एवढे प्रत्येक मतदाराला ठाऊक असते. महानगरपालिकेसाठी आपल्याला किती मते आहेत, हा साधा प्रश्न वस्तीत विचारून पाहावा. उत्तर देताना भलेभले अडखळतात. यात मतदाराचा दोष नाही. मुंबईत एका प्रभागातून एकच सभासद निवडला जातो, म्हणून तेथे एक मत. महाराष्ट्रातील उरलेल्या महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असून सामान्यतः प्रभागात चार जागा, काही ठिकाणी तीन वा पाच जागा असतात, आणि मतदाराला तेवढीच मते असतात. अ, ब, क, ड अशा या जागा वेगवेगळ्या गटांसाठी राखीव वा खुल्या असतात. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. सर्व जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पुरे होत नाही. एका जागेवरील कोणीही उमेदवार पसंत नसेल, तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबावे लागते. पहिले बटण दाबून बाहेर पडू पाहणारी वृद्धा, केंद्राध्यक्षाने हाक मारताच गोंधळून हाताला येईल ती बटणे दाबून मोकळी होते. तिच्या चार मतांपैकी तीन मते अशा रीतीने तिची राहत नाहीत.

नगरपरिषदेत आणखी वेगळा हिशेब. तेथे प्रभागातून साधारणपणे दोन सभासद निवडावयाचे, आणि नगराध्यक्षही थेट जनतेने निवडावयाचा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत ग्रामीण मतदाराला दोन मते असतात: एक जिल्हा परिषद गटासाठी, दुसरे पंचायत समिती गणासाठी. ग्रामपंचायतीत प्रभागातील सदस्यांबरोबर सरपंचासाठीही स्वतंत्र मत द्यावयाचे असते. महाराष्ट्रात ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एवढ्या विस्तृत पसाऱ्यात मत कसे द्यावे हे समजावून सांगण्याची जबाबदारी सरकारी जाहिरातींवर सोडून चालत नाही.

देशभर विखुरलेल्या मराठी भाषक कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. स्थानिक निवडणुकांचा कायदा राज्यागणिक बदलतो, आणि महाराष्ट्रातील अनुभव इतरत्र तसाच्या तसा लागू पडत नाही. बडोद्यात महानगरपालिकेचे १९ प्रभाग असून प्रत्येकातून चार सभासद निवडले जातात. इंदूरच्या मतदाराने २०२२ साली नगरसेवकासाठी एक आणि महापौरासाठी एक अशी दोन मते दिली. बेळगावात प्रभागातून एकच सभासद. गोव्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, जिल्हा पंचायतीची मात्र होते. दिल्ली महानगरपालिकेत २५० प्रभाग असून महापौर दरवर्षी सभासदांतून निवडला जातो. गावाकडून आलेल्या नातेवाइकाने सांगितलेली रीत परमुलखात उपयोगी पडत नाही. म्हणून ज्या राज्यात वास्तव्य असेल तेथील नियम समजून घेऊन ते मतदाराच्या भाषेत मांडणे, हे तेथील शाखेचे काम ठरते. सरकारी सूचना राज्याच्या भाषेत निघते, आणि मराठी बोलणारा कामगार ती नुसती पाहून पुढे जातो. त्याला ती समजावून देणारे कोणीतरी हवे, आणि तो जेथे राहतो तेथील सर्वभाषिक श्रमिकांशी त्याची गाठही तेथेच पडावी.

जे यादीतच नाहीत

मतदानाचा दिवस ही निवडणुकीची शेवटची पायरी आहे. तोवर अनेकांचा हक्क निकालात निघालेला असतो. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदारयादी तयार करीत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागवार फोडली जाते. त्यामुळे ज्याचे नाव विधानसभेच्या यादीत ठरावीक तारखेपर्यंत नोंदलेले नाही, त्याला महानगरपालिकेतही मत नाही. यादी फोडताना रस्त्याच्या पलीकडची चाळ भलत्याच प्रभागात जाते, एकाच घरातील नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्यात, असे प्रकार घडतात. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात दुबार नावांचा प्रश्न गाजला, तो याच टप्प्यावर. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यानंतर हरकती घेण्यासाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत जो बोलला नाही, त्याला मतदान केंद्रावर भांडून काही साधत नाही.

झोपडपट्टी पाडली गेल्यानंतर दूरच्या संक्रमण शिबिरात टाकलेली कुटुंबे, दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारे भाडेकरू, बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोपटात राहणारे मजूर, सासरी आलेल्या पण माहेरच्या यादीत अडकलेल्या मुली, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली पोरे: यादीतून गळणारे हे लोक कोणत्या वर्गाचे आहेत, हे सांगावयास नको. बंगल्यात राहणाऱ्याचा पत्ता पिढ्यान् पिढ्या बदलत नाही. पत्ता बदलतो तो श्रमिकाचा, आणि पत्त्यावर आधारलेला हक्कही त्याचाच डळमळतो.

यात सर्वांत मोठा अन्याय ऊसतोड कामगारांच्या वाट्याला येतो. बीड आणि भोवतालच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर कोयत्यामागे नवरा-बायकोची जोडी निघते आणि गाळप हंगाम संपेपर्यंत परत फिरत नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे मोठे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले. जिल्हा परिषदांचे मतदान २०१७ साली फेब्रुवारीत झाले. महानगरपालिकांचे २०२६ चे मतदानही जानेवारीतच झाले. हे सर्व दिवस ऐन तोडणीचे. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या मजुराला फड सोडून दोनशे कोस दूर जाऊन मत देण्याची मुभा नसते. त्याला टपालाने मत देण्याची सोय नाही. किंवा मग उलट घडते: गावातील एखादा तालेवार उमेदवार गाड्या पाठवून मजुरांना आणवतो, आणि ज्याच्या गाडीतून यावे त्याचेच मत, हा व्यवहार ठरून जातो. हक्काच्या मतासाठी मजुराला दुसऱ्याच्या मेहेरबानीचा ऋणी व्हावे लागते. ज्या गावात त्याचे घर आहे, ज्या शाळेत त्याची मुले शिकावयास हवीत, ज्या रोजगार हमीच्या कामावर त्याने स्थलांतर टाळून राहावयास हवे, त्या गावाची पंचायत त्याच्या अनुपस्थितीत निवडली जाते. आणि ती पंचायत त्याच्यासाठी काम काढीत नाही म्हणून पुढल्या वर्षी तो पुन्हा कोयता घेऊन निघतो. स्थानिक निवडणुका गाळप हंगामाबाहेर घ्याव्यात, निदान ऊसतोड मजुरांना भरपगारी रजा व प्रवासाची सोय द्यावी, ही मागणी शेतमजूर व ऊसतोड कामगार संघटनांनी आतापासूनच लावून धरली पाहिजे. मतदान सहा आठवड्यांवर आले म्हणजे ती मागणी ऐकण्यास कोणाला सवड नसते.

लिलाव आणि बिनविरोध

जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. कारण, तेथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. लिलावाचा पैसा गावच्या मंदिराला वा विकासाला दिला, असे अशा वेळी सांगितले जाते, आणि भोळ्या माणसाला त्यात वावगे दिसत नाही: गावात तंटा नाही, खर्च नाही, शिवाय देवळाला कळस. पण पदाची किंमत मोजणाऱ्याने ती कोठून वसूल करावयाची? रस्त्याच्या खडीतून, पाणीपुरवठ्याच्या नळातून, घरकुलाच्या यादीतून. आणि ज्याच्याजवळ बोली लावण्यास पैसा नाही अशा भूमिहीनाने, दलिताने, विधवेने काय करावयाचे? गावच्या एकोप्याच्या नावाखाली या सर्वांचा उमेदवारीचा हक्क विकला जातो.

लिलाव उघड असतो म्हणून पकडला जातो. बिनविरोध निवडीत धाक झाकलेला असतो. २०१८ साली पश्चिम बंगालमधील पंचायत निवडणुकीत ५८,६९२ जागांपैकी २०,१५९ जागांवर मतदानच झाले नाही. दर तीन जागांमागे एक जागा लढतीविना गेली. अर्ज भरण्यासाठी कचेरीपर्यंत पोहोचू न दिल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालयाने निवडणूक रद्द केली नाही, तक्रारदारांना वेगवेगळे निवडणूक अर्ज करण्यास सांगितले. २०२६ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील काही महानगरपालिकांतही माघारीच्या दिवशी एकामागून एक जागा बिनविरोध झाल्या. जेथे खरोखर एकमत असेल तेथे ते मतदानातूनही दिसेल. एकमताचे निमित्त करून मतदाराला केंद्रापर्यंत येऊच न देणे, यात एकमत कोठले? उमेदवारी अर्ज, छाननी आणि माघार हे तीन दिवस मतदानाइतकेच महत्त्वाचे आहेत, हे नागरिकांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

हा हक्क कसा मिळाला

मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महानगरपालिका आली, तेव्हा निम्मे सभासद निवडण्याचा अधिकार करदात्यांना मिळाला. शहर ज्यांच्या घामावर उभे होते त्या गिरणी कामगारांना, हमालांना, भंगी-मेहतरांना मत नव्हते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून; ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांच्या हाती त्यांना निवडून देण्याचे साधनच नव्हते. व्हॉइसरॉय लिटनच्या स्वागतावरील खर्चाला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा असा आग्रह धरला, तेव्हा ते एकटे पडले. मालमत्तेची व कराची अट दूर होऊन मुंबई महानगरपालिकेची पहिली निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली ती १९४८ साली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५८ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या लाटेत मिरत खटल्यातील आरोपी आणि कामगार पुढारी कॉ. शां. सा. मिरजकर त्या शहराचे महापौर झाले. मत हाती आले म्हणजे काय होऊ शकते, हे कामगारवस्तीने तेव्हा दाखवून दिले.

ग्रामीण भागात बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर पंचायत राज्याचा डंका पिटला गेला. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. परंतु सहकारी कारखाना, जिल्हा बँक आणि जिल्हा परिषद या तिन्हींच्या किल्ल्या एकाच कंबरेला लटकू लागल्या. अशोक मेहता समितीवर सभासद असलेले कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी १९७८ च्या अहवालाला जोडलेल्या आपल्या टिपणात मुद्द्यावर बोट ठेवले होते: विकासाची किरकोळ कामे पंचायतींकडे आणि खरा कारभार नोकरशाहीकडे, अशी फाळणी करून लोकशाही गावापर्यंत पोहोचणार नाही. पश्चिम बंगालमध्ये १९७८ साली तिन्ही स्तरांवर पक्षचिन्हावर थेट निवडणुका घेण्यात आल्या, आणि पुढे दर पाच वर्षांनी त्या नेमाने होत राहिल्या. केरळात १७ ऑगस्ट १९९६ रोजी लोकयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांच्या हाती दिला गेला आणि तो कसा खर्च करावा याची चर्चा प्रभागाच्या ग्रामसभेत होऊ लागली.

या इतिहासाकडे गौरवाची पोथी म्हणून पाहू नये. बंगालमध्ये जेथे पंचायत हीच पुढे सत्तेची चौकी झाली, तेथे जनता दुरावली. केरळात डिसेंबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत डाव्या आघाडीला मोठा पराभव पत्करावा लागला आणि तिरुवनंतपुरम महानगरपालिकाही हातची गेली. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. केरळात ही निवडणूक सत्तेवरील आघाडीने वेळेवर घेतली, पाच वर्षांपूर्वी कोविड असतानाही ती काही आठवड्यांच्याच विलंबाने घेतली होती. पराभवाची शक्यता दिसत असतानाही निवडणूक वेळेवर घेणे आणि तिचा निकाल मानणे, ही लोकशाहीची कसोटी आहे. प्रशासकाच्या आडून चार वर्षे शहर चालविणाऱ्यांनी ती दिलेली नाही.

शाखांचे काम

चळवळीत अजूनही एक समज आढळतो: स्थानिक निवडणूक म्हणजे गटार, नळ आणि दिवाबत्ती, राजकारण खरे ते वरचे. दुसरा समज याच्या उलट टोकाचा: जेथे पक्षाचा उमेदवार आहे तेथेच काम, जेथे नाही तेथे घरी बसावे. हे दोन्ही समज टाकून दिले पाहिजेत. नळाला पाणी कोणत्या वस्तीत चोवीस तास आणि कोणत्या वस्तीत अर्धा तास, हा वर्गाचाच प्रश्न आहे. सफाईचे काम कायम कामगारांनी करावयाचे की कंत्राटदाराच्या माणसांनी, हा प्रश्न महानगरपालिकेच्या सभागृहातच ठरतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, तेव्हापासून मुंबईसारखी महानगरपालिकासुद्धा भरपाईच्या हप्त्यासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहू लागली. नळाच्या तोटीपासून चर्चा सुरू करून ती केंद्र-राज्य संबंधांपर्यंत नेता येते. आणि नागरिक ती समजून घेतो, कारण तोटी त्याच्या घरातली असते.

काम क्रमाने करावयाचे आहे. पहिले काम यादीचे. मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी वा दुरुस्तीसाठी नमुना ८, आणि नाव वगळण्यास वा कोणाच्या नावावर हरकत घेण्यास नमुना ७. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीची यादी घरोघर फिरून ताडून पाहावी. मग तो मतदार कोणत्याही पक्षाचा असो. नमुना ७ चा उपयोग करून एखाद्या वस्तीची नावे घाऊक रीतीने उडविली जात असतील, तर ते वेळीच चव्हाट्यावर आणावे.

दुसरे काम प्रभागरचनेचे. सीमारेषांचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. कामगारवस्ती मधोमध चिरून दोन श्रीमंत प्रभागांना जोडली गेली, तर तिचा आवाज पाच वर्षे ऐकू येणार नाही. नकाशा वस्तीच्या चौकात लावून, लोकांना जमवून, त्यांच्या सह्यांनी हरकत दाखल करणे हे राजकीय शिक्षणाचे उत्तम साधन आहे.

तिसरे काम आरक्षणाच्या सोडतीनंतरचे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सोडतीत जागा स्त्रियांना गेली की गावातील पुढारी रातोरात आपल्या घरातील बायकांची नावे शोधू लागतो, आणि निवडणुकीनंतर सरपंचाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो. याला उत्तर म्हणजे आशा व अंगणवाडी सेविका, विडी कामगार, मोलकरीण आणि शेतमजूर स्त्रियांतून आधीपासून तयार झालेल्या कार्यकर्त्या. त्यांना सभेचे कामकाज, ठराव कसा मांडावा, अंदाजपत्रक कसे वाचावे, हे शिकविण्यास निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. राखीव जागेवरील उमेदवाराला जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळण्यास महिनोन् महिने लागतात, हेही ध्यानात असावे.

चौथे काम मतदानाच्या प्रात्यक्षिकाचे. पुठ्ठ्याचे यंत्र करून, त्यावर रंगीत कागद चिकटवून, बहुसदस्यीय प्रभागात चार बटणे कशी दाबावयाची हे चाळीच्या जिन्यात, बाजारात, गिरणीच्या व कारखान्याच्या दारात दाखवावे. २०२५-२६ च्या या निवडणुकांत महाराष्ट्रात मताची पडताळणी करणारी कागदी पावती नव्हती. म्हणून यंत्र बंद करतानाच्या नोंदी आणि मतमोजणीचे आकडे जुळवून पाहणारे मतदान प्रतिनिधी अधिकच सजग हवेत. उमेदवारांची शपथपत्रे मिळवून त्यांतील मालमत्ता व गुन्ह्यांची माहिती फलकावर लिहावी. टीका-टिप्पणी न करता नुसती लिहिली तरी पुरे, लोक वाचतात आणि समजतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीची वा सवलतीची परिपत्रके निघतात, पण कंत्राटी कामगाराच्या हाती ती पडत नाहीत. युनियनने ती कारखान्याच्या दारावर लावावीत.

पाचवे काम निवडणुकीनंतरचे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. घटनेने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, पण ती कागदावरून उतरलेली नाही. गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. ग्रामसभेची सूचना कधी निघाली, गणसंख्या पुरी होती काय, इतिवृत्तात काय लिहिले गेले, हे विचारणारे दहा नागरिक गावात उभे राहिले तर सरपंचाचा आणि ग्रामसेवकाचा सूर बदलतो. २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यांच्या हाती आहेच. अंदाजपत्रकाची प्रत मागणारा मतदार पुढल्या निवडणुकीत दारूच्या बाटलीवर आणि साडीवर सहसा विकला जात नाही.

सत्तेचा पहिला उंबरठा

स्थानिक संस्था हाती आली म्हणजे सत्ता हाती आली, असा भ्रम पक्षाने कधी बाळगला नाही. जमीन, भांडवल, पोलीस आणि तिजोरी ज्यांच्या ताब्यात आहे, ते प्रभागाच्या निवडणुकीने हलत नाहीत. परंतु ज्या श्रमिकाने आपल्या गल्लीतील पाण्याच्या वाटपाविषयी तोंड उघडून प्रश्न विचारला नाही, तो देशाच्या संपत्तीच्या वाटपाविषयी बोलेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. बाराव्या परिशिष्टातील १८ आणि अकराव्या परिशिष्टातील २९ विषय हे राज्यघटनेने जनतेच्या दारात आणून ठेवलेले विषय आहेत. ते उचलून घेण्याची ताकद जनतेत यावी, हा या कामाचा हेतू.

प्रशासकांची चार वर्षे सरली. नवी सभागृहे अस्तित्वात आली. त्यांची मुदत संपेल तेव्हा पुन्हा कोणती ना कोणती सबब शोधली जाईल. त्या वेळी न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसावे लागू नये, वस्तीच्या चौकातूनच ‘निवडणूक केव्हा?’ असा प्रश्न उठावा. तो प्रश्न विचारणारा नागरिक पाच वर्षांच्या चिकाटीने घडवावा लागतो. प्रत्येक शाखेने आपल्या पुढल्या बैठकीत एक यादी, एक नकाशा आणि एक अंदाजपत्रक मेजावर ठेवून या कामास आरंभ करावा.